वीस दिवसांची बाटली

नानांचा हात असा होता, की चमच्यात औषध ओतताना एक थेंब इकडचा तिकडे व्हायचा नाही. चाळीस वर्षं लाकडाला पॉलिश करण्यात गेलेला तो हात. टेबलाच्या कडेवरून बोळा फिरवताना तो कधी अडखळला नाही, आणि तोच हात रोज सकाळ-संध्याकाळ नातीच्या तोंडापुढे चमचा धरायचा. आधी बाटली उजेडात धरायची, मग अलगद कलती करायची, चमचा डोळ्यांच्या पातळीवर आणायचा, आणि औषध बरोबर काठाला टेकलं की म्हणायचं, "हं, ठकूबाई, आ करा."

ठकी म्हणजे लाकडाची बाहुली. नाव नानांनीच ठेवलेलं, आणि मुलगी आठ वर्षांची झाली तरी घरात तेच चालू होतं. सहाव्या वर्षी तिला फिट्स यायला लागल्या, तेव्हापासून औषधाचं काम नानांनी आपल्या अंगावर घेतलं. ठकीची आई बस डेपोत होती. कोणता ड्रायव्हर कोणत्या गाडीवर, कोणाची सुट्टी कधी, याचे तक्ते ती बनवायची आणि पहिली गाडी सुटायच्या आत तिला हजर व्हावं लागायचं. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ती लेकीला घेऊन माहेरी आली होती. खाली नानांचं वर्कशॉप, वर तीन खोल्या. त्यात नाना, तिची आई, नानांच्याच हाताखाली शिकलेला तिचा धाकटा भाऊ आणि या दोघी मायलेकी.

नाना गेले ते एका मंगळवारी, भर दुपारी. एका कपाटाच्या दाराला शेवटचा हात द्यायचा राहिला होता. भाऊ चहा घेऊन खाली गेला, तर नाना स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीला टेकलेले, आणि दार ओलंच.

पुढचे चार दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ठकीची आई एकच गोष्ट सांगत होती. "दोन वर्षांत एकदा म्हणून एकदा त्यांनी ठकीचं औषध चुकवलं नाही. ताप असला तरी उठायचे." लोक माना हलवायचे. तिलाही ते सांगताना आधार वाटायचा.

रविवारी सकाळी माणसं पांगली आणि पहिल्यांदाच औषध द्यायची वेळ तिच्यावर आली. मधले दिवस तिच्या आईने दिलं होतं, नाना द्यायचे अगदी तसंच.

ठकी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. हनुवटी हातावर, डोळे अर्धे मिटलेले, समोर दुधाचा कप तसाच. तिचे वाईट दिवस चालू होते. घरात असंच म्हणायचे, ठकीचे चांगले दिवस आणि ठकीचे वाईट दिवस. चांगल्या दिवसांत ती घर डोक्यावर घ्यायची, मामाच्या नकला करायची. फक्त त्याच दिवसांत फिट यायची भीती असायची. वाईट दिवसांत फिट येत नसे, पण पोरगी भिंतीला धरून चालायची, शब्द ओढत बोलायची, आणि काही विचारलं की एक तर रडायची नाहीतर हाताला येईल ते फेकायची. शाळेतल्या बाईंनी महिन्याभरापूर्वी चिठ्ठी पाठवली होती: दोन ओळी वाचायला अर्धा तास लागतो, शेजारच्या मुलीला चावली, वेगळ्या शाळेचा विचार करावा. वेगळी शाळा म्हणजे कोणती, ते चिठ्ठीत लिहिलं नव्हतं आणि लिहायची गरजही नव्हती. त्या शाळेचा फॉर्म तिच्या पर्समध्ये सहीसाठी पडून होता. येत्या गुरुवारी डॉक्टरीणबाईंची वेळ होती. फिट्स पूर्ण थांबत नाहीत म्हणून त्या दुसरं औषध जोडणार होत्या.

तिने बाटली कलती केली. काही आलं नाही. उजेडात धरली तर तळाशी दोन बोटं जाडीचा गुलाबीसर थर, भिजलेल्या खडूसारखा घट्ट. तिने सहज बाटली हलवली.

"नाही!" ठकीने मान वर केली. जीभ जड होती, तरी स्वर बजावल्याचा होता. "हलवायचं नाही. आजोबा ओरडतात."

"का ग?"

"बुडबुडे येतात."

"मग हे खालचं कसं काढायचं, शहाणे?"

"शेवटी. थोडं पाणी घालायचं. विसळायचं." तिने बोट हवेत गोल फिरवलं, ते मधेच थांबलं, जणू पुढचं आठवेना. "वाया नाही घालवायचं."

बाटली हातात धरून ती उभीच राहिली. काळजात धस्स झालं म्हणतात ते असं नसतं, हे तिला त्या क्षणी कळलं. आत काहीच झालं नाही. फक्त नळाचा आवाज फार मोठा वाटायला लागला, आणि तिने जाऊन तो बंद केला.

बाटलीवर नानांची कागदाची पट्टी चिकटवलेली होती. वर्कशॉपमधल्या प्रत्येक डब्यावर असायची तशी: माल उघडला ती तारीख, पेन्सिलीने, सुबक अक्षरात. तिने नखाने पट्टीचं टोक उचललं आणि सावकाश सोलून काढली. खाली कंपनीचं छापील लेबल होतं. पट्टी नेमकी ज्या ओळीवर बसली होती ती ओळ अशी: वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवा.

वर्कशॉपमध्ये वाढलेल्या मुलीला पुढचं कोणी सांगायला नको होतं. व्हार्निशचा डबा हलवायचा नसतो. हलवला की आत हवा शिरते आणि लाकडावर पुरळ उठल्यासारखे बुडबुडे वाळतात. डबा रात्रभर शांत ठेवायचा, वरचं निवळ अलगद ओतून घ्यायचं, दर्शनी भागाला लावायचं. खालचा गाळ शेवटी पातळ करून कपाटाच्या पाठीला. दहा वर्षांची असताना तिने एकदा डबा हलवला होता, आणि जन्मात कधी हात न उगारणाऱ्या नानांनी तिला दिवसभर वर्कशॉपबाहेर उभं केलं होतं.

"आई, झोप येते," ठकी म्हणाली.

"झोप. औषध नंतर देऊ."

औषधाचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. दुकानदार म्हातारा, गप्पिष्ट. तिला बघून त्याने आधी नानांबद्दल चार शब्द बोलायला तोंड उघडलं, पण तिने बाटलीच काउंटरवर ठेवली.

"ही हलवली नाही तर काय होतं?"

"काय होणार, खाली बसतं." तो हसत म्हणाला. मग त्याने बाटली उचलून तळ पाहिला आणि हसू गेलं. "किती दिवस हलवली नाही?"

"कधीच नाही."

"ही बाटली?"

"कुठलीच नाही. दोन वर्षं."

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. "बाई, हे औषध विरघळलेलं नसतं हो. साखर विरघळते तसं नाही. पूड असते, पाण्यात तरंगत ठेवलेली. बाटली ठेवून दिली की ती चालली खाली. मग वरच्या चमच्यात नुसतं गोड पाणी, आणि तळातल्या चमच्यात…" तो थांबला.

"किती?"

"मी कसं सांगू? दुप्पट, तिप्पट, त्याच्याही वर. तळ विसळून पाजत नव्हतात ना?"

 बाहेर एक बस थांब्यावर थांबली आणि निघून गेली. कुठल्या नंबरची, ते तिने न बघताच मनात म्हटलं. सवयच तशी.

"बरं, ऐका," दुकानदार आता हळू आवाजात बोलत होता. "घरी जाऊन आजपासून नुसतं हलवून द्यायला लागू नका. डोस किती वेळा वाढवलाय?"

"दोनदा. फिट्स थांबत नव्हत्या म्हणून."

"तेच. गोड पाणी मिळत होतं म्हणून थांबत नव्हत्या. आता तो वाढवलेला डोस रोज पुरा जायला लागला तर पोरगी उठायची नाही. आधी डॉक्टर." आणि त्याने स्वतःच फोन लावला.

डॉक्टरीणबाईंचा निरोप थोडक्यात होता. आजचे दोन्ही चमचे देऊ नका, फिट आली तर तडक दवाखान्यात आणा, नाहीतर उद्या सकाळी आठला. आणि जो औषध देतो त्याला बरोबर आणा.

घरी येऊन ती वर गेलीच नाही, वर्कशॉपमध्ये शिरली. नाना कुठलीही बाटली टाकत नसत. औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यात स्पिरिट, जवसाचं तेल, रंगाची पूड भरून ठेवलेली, आणि प्रत्येकीवर ती पट्टी. तिने शेवटच्या बारा बाटल्या शोधून काढल्या. बारा तारखा. मग वरून फिट्सची वही आणि शाळेतल्या बाईंच्या चिठ्ठ्या आणल्या, डेपोच्या एका जुन्या तक्त्याच्या पाठीवर रेघा ओढल्या आणि रोज जे काम पगारासाठी करायची तेच करायला बसली. वर दिवस, एक ते वीस. डावीकडे बाटल्या. फिट आली त्या घरात लाल फुली, शाळेची चिठ्ठी आली त्या घरात निळी.

अर्ध्या तासात तक्ता भरला. अकरा लाल फुल्यांपैकी नऊ पहिल्या सहा रकान्यांत. निळ्या सगळ्या चौदाच्या पुढे, एकही अलीकडे नाही. "वर्गात झोपते." "वही फाडली." "उत्तर माहीत असून सांगता येत नाही." "चालताना पडली, कृपया डोळे तपासावेत." मधले रकाने कोरे. रक्ताची तपासणी एकदाच झाली होती, तिचं उत्तर 'प्रमाणात' आलं होतं. तिने ती तारीख शोधून लिहिली. बाटलीचा अकरावा दिवस.

या सगळ्या तारखा तिला पाठ होत्या. फक्त त्या तिने कधी एका कागदावर आणल्या नव्हत्या. महिना तीस दिवसांचा, बाटली वीस दिवसांची. आठवड्याशी जुळेना, महिन्याशी जुळेना, म्हणून कोणी हवेला दोष दिला, कोणी शाळेला, कोणी तिच्या मोडलेल्या संसाराला. दोनशे ड्रायव्हरांच्या पाळ्यांतला एका दिवसाचा गोंधळ तिला लांबून दिसायचा. हे मात्र घरातलं होतं.

"ताई, हे काय मांडून बसलीस?" भाऊ दारात उभा होता.

तिने सांगितलं. पहिल्यांदा बोलून दाखवत होती, त्यामुळे वाक्यं तुटक आली. भाऊ तक्त्याकडे पाहत राहिला, मग एक बाटली उचलून पट्टीवरचं अक्षर पाहिलं आणि होती तिथे ठेवली.

"माणूस जाऊन पाच दिवस झालेत," तो म्हणाला.

"मला माहीत आहे किती दिवस झालेत."

"मग गप्प बस ना. उद्यापासून हलवून देऊ. कोणाला कळतंय?"

"तसं चालणार नाही. डोस वाढवलाय तो खोट्या हिशेबावर. डॉक्टरांना सगळं सांगितल्याशिवाय त्या नवा ठरवणार कसा?"

"मग सांग मी द्यायचो म्हणून." भावाने स्टूल ओढलं, पण बसला नाही, ते नानांचं होतं. "माझं नाव घे. मी असाही बिनडोक म्हणून प्रसिद्धच आहे. नानांनीच केलंय मला प्रसिद्ध. त्यांना कशाला ओढतेस? सगळी गल्ली म्हणते, आजोबा असावा तर असा."

"हा विनोद नाही."

"मी कुठे हसतोय?"

जिन्यावर पावलं वाजली. आई किती वेळ वरच्या पायरीवर उभी होती कोण जाणे. पदर खांद्याभोवती घट्ट ओढून ती खाली आली आणि तक्त्याकडे न पाहताच म्हणाली, "त्यांनी वाचलं होतं."

"काय वाचलं होतं?"

"ते लेबल. पहिली बाटली आणली त्याच दिवशी. चष्मा लावून, मोठ्याने. मी भाजी निवडत होते. 'बाटली चांगली हलवा.' आणि हसले." आईने एक दीर्घ श्वास घेतला. "म्हणाले, 'हलवलं की फेस येतो. फेसाने भरलेला चमचा म्हणजे पाऊणच चमचा. पोरीला काय पाऊण औषध देऊ? लिहिणाऱ्याला काय जातंय लिहायला.' मग पट्टी लावली."

 लाखेचा आणि स्पिरिटचा तो ओळखीचा वास खोलीत होता. इतका वेळ तिच्या मनात एक पळवाट होती: त्यांना माहीत नव्हतं. आता तीही बंद झाली. त्यांना सांगितलं गेलं होतं. त्यांनी ते वाचलं, तोललं, आणि नात जीव की प्राण होती म्हणूनच नाकारलं. चमचा काठोकाठ भरावा म्हणून.

"तेव्हा तू काही बोलली नाहीस?" भावाने आईला विचारलं.

"मी काय बोलणार? मापाच्या बाबतीत कोणी त्यांच्याशी वाद घातलाय का आजवर? तू घातलास?"

भावाने ओढलेलं स्टूल परत जागेवर सरकवलं.

"आणि मला बरोबरच वाटलं," आई म्हणाली. "आत्ताही ऐकायला बरोबरच वाटतंय. तेच तर." एवढं बोलून ती खालच्याच पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सोमवारी आठ वाजता ते दवाखान्यात होते. आई, भाऊ, ती, आणि भावाच्या खांद्यावर ठकी. डॉक्टरीणबाईंनी आधी मुलीला तपासलं. डोळ्यांसमोर बोट धरून डावी-उजवीकडे नेलं. ठकीची बुबुळं बोटामागे जाताना झटके खात होती. फरशीच्या रेषेवरून चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तिचा तोल गेला आणि भावाने तिला झेललं. शंभरातून सात वजा करायला सांगितले तेव्हा ती डॉक्टरांकडे बघत राहिली आणि मग मुळुमुळु रडायला लागली. नर्स तिला रक्त घ्यायला बाहेर घेऊन गेली.

"औषध कोण देतं?" बाईंनी विचारलं.

भावाने घसा खाकरला. आई म्हणाली, "मी." दोघांचं एकदमच झालं.

"माझे वडील द्यायचे," ती म्हणाली. "गेल्या मंगळवारी ते वारले. त्यांनी एकही वेळ चुकवली नाही. आणि एकदाही बाटली हलवली नाही." तिने तक्ता घडी उलगडून टेबलावर ठेवला. "मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही, की कसं देता."

डॉक्टरीणबाई तक्त्यावर वाकल्या. बराच वेळ त्यांचं बोट पहिल्या रकान्यापासून विसाव्यापर्यंत जात राहिलं, मग पुन्हा पहिल्यापासून. त्या रागावतील असं तिला वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दर वेळी मी विचारलं, औषध चुकतं का," शेवटी त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, कधीच नाही. मी तसं लिहून घेतलं. बाटली हलवता का, हे मीही नाही विचारलं." त्यांनी फाइल उघडली, मागच्या पानावर गेल्या. वाचताना त्यांचे ओठ हलले. तिला उलटं दिसत होतं तरी अक्षरं लागली: 'आकलन वयापेक्षा कमी. वर्तन आक्रमक. दुसरं औषध सुरू करावं.' बाईंनी त्यावर आडवी रेघ मारली, जोरात, कागद थोडा फाटला.

"ती अशी नाही का मग?" भावाने विचारलं. "म्हणजे… ती हुशार आहे?"

"मला माहीत नाही. या औषधाचं प्रमाण वाढलं की मुलं अशीच होतात. सुस्त, चिडकी, विसराळू. तोल जातो, बोलणं अडखळतं. यातलं तिचं किती आणि औषधाचं किती, हे ते उतरल्यावरच कळेल."

"परत येईल सगळं?" आईने विचारलं.

"बरंचसं यावं. पण दोन वर्षं वर्गात बसून जे कानावरून गेलं, ते नव्यानेच शिकावं लागेल."

रक्ताचं उत्तर दुपारी आलं. मर्यादेच्या दुपटीहून थोडं जास्त. ठकीला दोन रात्री ठेवून घेतलं. बुधवारी घरी सोडलं ते नव्या डोससह, आधीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. निघताना नर्सने आईकडून बाटली दहा वेळा हलवून घेतली, फेस बसेपर्यंत थांबायला लावलं, आणि सुईशिवायच्या पिचकारीने औषध ओढून दाखवलं. "फेस बसतो हो आजी, पाच मिनिटांत." आईने मान डोलावली. पाच मिनिटं. 

उतार एका दिवसात आला नाही. आधी ठकी नुसती झोपली. मग भिंत सोडून चालायला लागली. मग एका सकाळी तिने मामाला सांगितलं, की तू चहा पिताना बस ब्रेक मारते तसा आवाज काढतोस. फिट आली नाही. चांगल्या दिवसांतली ठकीही ही नव्हती. त्या दिवसांतही डोळ्यांत एक घाई असायची. ही मुलगी ऐकून घ्यायची, क्षणभर थांबायची आणि मग नेमकं बोलायची. आई स्वयंपाकघरातून डोकावून बघायची आणि पुन्हा आत जायची, घरात कोणी नवखी पाहुणी आल्यासारखी.

पुढच्या बुधवारी ती डेपोतून परतली तेव्हा ठकी बाहेरच्या खोलीत बसून शाळेचं पुस्तक वाचत होती, मोठ्याने, न अडखळता. तिला पाहून ठकीने बोट ओळीवर ठेवलं.

"आई, या वेळी आजोबांचं काम किती दिवसांचं आहे?"

तिने पर्स खांद्यावरून उतरवली होती, ती हातातच राहिली. नाना कधीमधी मोठ्या घरांच्या कामाला बाहेरगावी जायचे, आठ-आठ दिवस.

"कसलं काम?"

"पॉलिशचं. कोणी सांगतच नाही. आजीला विचारलं तर ती गॅलरीत जाते."

ती समोरच्या खुर्चीवर बसली. बसावंच लागलं. मंगळवार, म्हणजे बाटलीचा चौदावा दिवस. त्या संध्याकाळी तिने या मुलीला मांडीवर घेऊन सांगितलं होतं. मुलगी "हं" म्हणाली होती. तिने नानांना पाहिलं होतं, पायाला हात लावला होता. घर माणसांनी भरलेलं असताना ती भिंतीशी बसून होती, डोळे उघडे ठेवून.

"तुला सांगितलं होतं मी," ती म्हणाली. "तू माझ्याजवळ होतीस."

"काय सांगितलं होतंस?"

तिने सांगितलं. दुसऱ्यांदा, आणि या वेळी समोरचा चेहरा प्रत्येक शब्द घेत होता. कपाटाचं दार, स्टूल, मामाच्या हातातला चहा. ठकीने पुस्तक मिटलं नाही. बोट ओळीवरच होतं.

"मी तिथे होते?"

"हो."

"मला काहीच आठवत नाही. मी का विसरले?"

"तुला औषध जास्त झालं होतं."

"पण आजोबा तर मापून द्यायचे."

इथे थांबता आलं असतं. तिची आई आतून ऐकत होती, भांड्यांचा आवाज बंद झाला होता. खोटं बोलायला फार लागलंही नसतं, कंपनीची चूक म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिने लेकीच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्यात सगळं जागं होतं.

"मापून द्यायचे," ती म्हणाली. "पण औषधाची पूड तळाशी बसायची."

ठकीने क्षणभर विचार केला. "म्हणजे वर कमी आणि खाली जास्त. आधी फिट, मग झोप."

"हो."

"मग हलवायची ना बाटली."

"हो. हलवायला हवी होती."

दोन ओळींना अर्धा तास लागणारी मुलगी. तिला हे समजायला एक श्वास पुरला.

"आजोबांना कळलं होतं?" ठकीने विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, की बरोबर देतोय."

"मग ठीक आहे," ठकी म्हणाली. ओळीवरचं बोट उचलून तिने पुस्तक नीट मिटलं. मग तिचा खालचा ओठ वाकडा झाला, आणि आजोबा गेल्यावर पंधरा दिवसांनी ती रडायला लागली, मोठ्याने, घर दणाणून जाईल असं. आतून आजी धावत आली.